तेवीस नावांची फाइल

मुरलीभाऊनं माझ्या डोळ्यांदेखत जे जे फोडलं, त्यात एक प्रिंटर आहे, एका प्राध्यापकाचा चष्मा आहे, एका नवरदेवाच्या भावाचं नाक आहे आणि नसीमभाईंच्या प्रेसमधलं काचेचं कपाट आहे, तेही दोनदा. हे मी आधीच सांगून टाकते. पुढं मी त्याच्याबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे, आणि कुणाला वाटायला नको की मी एखाद्या देवमाणसाची गोष्ट सांगते आहे. देवमाणूस तो नव्हता. त्याच्या शेजारी बसून काम करणाऱ्या बाईनं खुर्ची नेहमी दाराच्या बाजूला ठेवावी असा तो माणूस होता. मी ठेवायचे.

अकोल्याच्या जुन्या शहरात नसीमभाईंची प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची पत्रकं असलं काम. मी तिथं कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायचे. मुरलीधर गावंडे हा मूळचा वलगावचा, अमरावतीजवळचा. घरची काळी जमीन होती, ती त्यानं बटईनं दिली होती आणि आई तिच्यावर लक्ष ठेवून गावीच राहायची. हा प्रेसच्या मागच्या खोलीत प्रिंटर दुरुस्त करायचा. दुरुस्त करता करता त्याला एक वेड लागलं. प्रिंटर एका कंपनीचा आणि कॉम्प्युटर दुसऱ्याचा असला की दोघांचं बोलणं एकमेकांना कळावं म्हणून मधे एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनी तो कुलूपबंद देते. आत काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही, आणि कंपनीनं लक्ष काढून घेतलं की चांगला धडधाकट प्रिंटर भंगारात जातो. मुरलीभाऊनं जर्मनीतल्या युर्गन नावाच्या माणसाचा उघडा ड्रायव्हर इंटरनेटवरून घेतला, आपल्याकडच्या जोडकागदाच्या पावत्यांसाठी त्यात निम्म्याहून जास्त स्वतःचं लिहिलं, आणि जो मागेल त्याला तो फुकट देऊ लागला.

फुकट म्हणजे बेवारशी नाही, हे तो प्रत्येकाला बजावून सांगायचा. त्या फाइलीत सगळ्यात वर त्यानं परवान्याचा मतलब मराठीत लिहून ठेवला होता: हे घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, देताना हे सगळंच्या सगळं त्यालाही द्या, आणि ज्यांची नावं खाली आहेत ती काढू नका. त्याखाली नावं होती. पहिलं युर्गनचं, दुसरं त्याचं स्वतःचं, तिसरं नसीमभाईंचं, आणि मग वाढत वाढत तेवीस.

तेवीस नावं कशी झाली हे सांगायला एका लग्नपत्रिकेपासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी पोरंटोरं, अशी दीडदोनशे नावं. त्या वर्षी बाळापूरकडच्या एका घरच्या पत्रिकेत नवरदेवाच्या सावत्र काकाचं नाव माझ्या हातून राहिलं. नाव राहिलं म्हणजे मुद्दाम वगळलं, असा अर्थ निघाला. पत्रिका वाटून झाल्यावर काकाकडची सातआठ माणसं आणि नवरदेवाचा भाऊ एकाच वेळी प्रेसमध्ये आले, एकमेकांना आणि आम्हाला मारायला. काचेचं कपाट पहिल्यांदा फुटलं ते तेव्हा. मुरलीभाऊनं भावाच्या नाकावर डोकं हाणलं, आणि कुणीतरी टाइपाच्या लोखंडी चौकटीनं मुरलीभाऊचं डोकं फोडलं. सहा टाके पडले. टाके घालून आल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, त्या काकाचं बराबर होतं."

"डोकं फोडलं तुमचं, आणि त्याचं बराबर?"

"नाव त्याचं होतं ना. ते तू खाल्लं. मंग थो काय करंन?"

त्या दिवसापासून त्यानं फाइलीतल्या नावांना पत्रिकेचा नियम लावला. ज्यानं ज्यानं ड्रायव्हरला काही दिलं, त्याचं नाव. दिलं म्हणजे लिहिलंच पाहिजे असं नाही. पावतीची शेवटची ओळ अर्धी कापली जाते हे मी त्याला दाखवलं, तर चौदावं नाव माझं: सुनंदा सोनोने, अकोला, शेवटची ओळ कापते हे हिनं दाखवलं. त्याच आठवड्यात त्याची आई अंजनाबाई वलगावहून ज्वारीचं पीठ घेऊन आली होती. ती प्रिंटरजवळ बसली आणि म्हणाली, "जळकट वास येऊन राहिला." छापणारं डोकं तापत होतं आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पंधरावं नाव तिचं. आधी सांगितलं तो वर, नंतर सांगितलं तो खाली. वय, मान, शिक्षण काही पाहायचं नाही. चहावाल्याचं नाव त्यात होतं, तलाठ्याचंही होतं.

नसीमभाई हसायचे. "मुरली, ये ड्रायव्हर है के दावतनामा?"

"दावतनामाच समजा," तो म्हणायचा. "जेवला त्याचं नाव नाही. ज्यानं रांधलं त्याचं."

माझं नाव कशावर तरी छापून यायची ती पहिलीच वेळ. मी त्याला गमतीनं म्हटलं, "बापाच्या शेतावरूनही माझं नाव गेलं, आणि तुमच्या प्रिंटरवर आलं." झालं. बापाच्या शेतावरून कसं गेलं, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं, मागच्या राखीला भावांकडे गेले होते तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करून आले, आमच्यात सगळ्याच बहिणी करतात. वाचलं होतं का? नाही वाचलं. त्यानं मुठीनं टेबलाची फळी अशी हाणली की माझा मॉनिटर खाली पडला. "कोनी कापलं नसतं तुयं नाव, तुयाच हातानं कापून आली तू," एवढं बोलला आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मला राग आला होता. खरं तर अजून येतो, कारण भावांना नाही म्हणणं काय असतं ते त्याला कधी करावं लागलं नव्हतं.

प्राध्यापकाच्या चष्म्याची गोष्ट अमरावतीची. एका कॉलेजात तंत्रज्ञानाचा मेळावा होता आणि आम्ही तिघं बघायला गेलो होतो. तिथं एक प्राध्यापक पडद्यावर मुरलीभाऊचाच ड्रायव्हर दाखवत होते, "हा मी स्वतः विकसित केला आहे" असं म्हणून. मुरलीभाऊ पाच मिनिटं बघत राहिला. मग उठून सरळ मंचावर गेला आणि अदबीनं म्हणाला, "सर, वरची नावं कुठं गेली?" प्राध्यापक म्हणाले, कुठली नावं? "युर्गन." प्राध्यापक हसले आणि म्हणाले, अहो तो जर्मनीत आहे, त्याला काय कळणार. त्यावर थप्पड बसली. चष्मा पहिल्या रांगेपर्यंत उडाला. सगळं सभागृह उभं राहिलं, चार शिपायांनी मुरलीभाऊला फरपटत बाहेर काढलं, आणि फरपटत जाताना तो ओरडत होता, "मायं नाव काढलं असतं तं बोललो असतो, मारलं नसतं. दूरच्या मानसाचं कावून काढलं?"

परतीच्या एसटीत नसीमभाईंनी विचारलं की स्वतःच्या नावासाठी खरंच मारलं नसतं का. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मारलं असतं. पन एवढ्या जोरानं नाही."

पेटंटचा कागद आला तेव्हा मात्र कुणाला मारावं हे त्याला कळेना. एका परदेशी प्रिंटर कंपनीनं युर्गनला नोटीस पाठवली होती, युर्गननं ती घाबरून याला पाठवली. मला कॉपीराइट आणि पेटंटमधला फरक त्या दिवशी कळला. मुरलीभाऊनं तो असा सांगितला: "म्या भाजी केली आन तू ताटासगट उचलून 'माई आहे' म्हनली, तं ते कॉपीराइटचं भांडन. पेटंट म्हंजे एका बाईनं पयले तेलात मोहरी टाकली, म्हनून आता पुऱ्या तालुक्यात कोनी तेलात मोहरी टाकाची नाही. आपल्या घरची मोहरी, आपल्या घरचं तेल, तरीबी नाही." प्रिंटरचं डोकं डावीकडून उजवीकडे जाताना छापतं आणि परत येतानाही छापतं, ती येतानाची ठिपक्यांची जुळणी ज्या पद्धतीनं होते, ती पद्धत आमची, असं कंपनीचं म्हणणं होतं.

"इधर वो पेटंट चलता नहीं, मुरली," नसीमभाई म्हणाले. "मी वकिलाला पुसलं."

"अठी नाही चालत. त्याच्या घरी चालते. त्याच्यावर खटला झाला तं?"

असं म्हणून त्यानं त्याच कंपनीचा प्रिंटर उचलला, गॅलरीत नेला आणि दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर फेकला. खाली उभ्या असलेल्या केळीच्या हातगाडीचं चाक मोडलं. केळीवाला वर आला, त्याच्याशी हाणामारी झाली, दोघांचेही शर्ट फाटले. मग मुरलीभाऊ खुर्चीवर बसला आणि चार दिवस खपून त्यानं ड्रायव्हर बदलला: प्रिंटरनं जाताना छापायचं, येताना रिकामं यायचं. छपाईला दुप्पट वेळ लागायला लागला. गिऱ्हाइकं शिव्या घालायची, तो उलट शिव्या घालायचा, पण जर्मनीतल्या ज्या माणसाचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं त्याच्यावर खटला येऊ दिला नाही.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता. वर्तमानपत्रात रोज आतल्या पानावर नावं यायची, गाव आणि वय घालून, आणि मुरलीभाऊ ती सगळी मोठ्यानं वाचायचा. एकही वगळायचा नाही. आम्ही चहा पीत असायचो, तरी वाचायचा. नसीमभाई म्हणायचे, बस कर. तो म्हणायचा, "छापलं आहे तं वाचलं पाह्यजे." रागाला जागा शोधत हिंडणारी माणसं तेव्हा जागोजागी दिसायची. एका जिनिंगच्या आवारात कापूस खरेदीचं केंद्र होतं, तिथं तो राग एका सकाळी बाहेर पडला.

तिथं पावत्या छापायला नागपूरच्या एका कंपनीचा ड्रायव्हर लावला होता, कुलूपबंद, वर्षाच्या परवान्याचा. त्या सकाळी परवान्याची मुदत संपली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि प्रिंटर थांबला. बाहेर तीन दिवसांपासून बैलबंड्या आणि ट्रॅक्टर उभे होते. काटा झाला तरी पावती नाही, पावती नाही तर कापूस उतरवायचा नाही. केंद्रावरच्या बाबूनं खिडकी लावून घेतली, ही त्याची चूक झाली. कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे आमच्या प्रेसमधून जायचे, म्हणून त्यानं फोन नसीमभाईंना केला. आम्ही तिघं आमचा कॉम्प्युटर ऑटोत घालून पोचलो, तेव्हा खिडकी उखडलेली होती आणि बाबूला तिच्यातून ओढून बाहेर काढत होते. त्याचा कान अर्धा फाटला होता. कुणीतरी प्रिंटरवर रॉकेल ओतत होतं.

मुरलीभाऊ गर्दीत शिरला तो समजावायला नाही. बंडीची उभारी, म्हणजे बाजूचा उभा दांडा, उपसून हातात घेतली आणि वाट करत गेला. ज्यानं बाबूची मान धरली होती त्याच्या मनगटावर उभारी बसली, हाड मोडल्याचा आवाज मी ऑटोपाशी ऐकला. मग दगड आले. एक त्याच्या कपाळावर बसला, त्याच जुन्या टाक्यांवर. तो टेबलावर चढला, तोंडावरून रक्त वाहतंय अशा अवस्थेत, आणि ओरडला, "जाळा. जाळून पावती भेटत असंन तं जाळा. मले अर्धा तास द्या, नाही भेटली तं मलेबी जाळा." लोक थांबले. त्याच्या बोलण्यानं थांबले की रक्तानं, मला माहीत नाही.

अर्ध्या तासाच्या आत आमच्या कॉम्प्युटरवरून पावत्या निघायला लागल्या. मी नावं टाकत होते, तो कागद ओढत होता, आणि पहिल्या पंधरावीस पावत्यांवर त्याच्या कपाळाचे थेंब पडले. एका म्हाताऱ्यानं तशी पावती पाहिली, धोतराला पुसली आणि घडी करून खिशात टाकली. बाबू कोपऱ्यात कान धरून रडत होता. मी हे सगळं आजही पाहू शकते, पण पाहावंसं वाटत नाही.

तिथंच मुरलीभाऊला ते दिसलं. प्रिंटर थांबायच्या आधी कुलूपबंद ड्रायव्हरनं छापलेल्या पावत्यांची थप्पी बाजूला पडली होती. त्यानं ती उलगडली आणि बघत बसला. अकरा पावत्या, मग एक कोरी. पुन्हा अकरा, पुन्हा एक कोरी. आमच्या प्रेसमधल्या जुन्या प्रिंटरचा कागद अकरा पावत्यांनंतर घसरायचा, म्हणून त्यानं आपल्या ड्रायव्हरमध्ये ती कोरी सोडायची सोय केली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रिंटरला तिची गरज नव्हती. म्हणजे कंपनीनं याचाच ड्रायव्हर उचलला होता, नावं काढली होती, कुलूप लावलं होतं, आणि आत काय आहे ते न वाचताच विकला होता. मला वाटलं आता हा काहीतरी फोडणार. तो फक्त म्हणाला, "तेवीसच्या तेवीस काढली, बाई. माया मायचंबी."

त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. कुणीतरी सांगेल की त्यानं नुकसानभरपाई मागितली; त्यानं ती मागितली नाही. दोनच गोष्टी मागितल्या: परवान्यात लिहिलंय तसं कुलूप काढा आणि ड्रायव्हर सगळ्यांना उघडा द्या, आणि नावं परत घाला. नाहीतर ज्या ज्या केंद्रावर तो बसवलाय तिथं तिथं जाऊन मी सांगणार की हा चोरीचा आहे. महिन्याभरानं कंपनीचा माणूस आला. सफारी घातलेला, गोड बोलणारा. त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं की फाइलीत ज्यांची नावं आहेत ते सगळे हक्कदार मानावे लागतील, तेव्हा सगळ्यांच्या सह्या घ्या. मुरलीभाऊनं पत्रिकेच्या नियमानं नावं घातली नसती, तर एका युर्गनची आणि एका मुरलीधराची सही पुरली असती. सफारीवाल्यानं कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून बावीस कागद करून आणले होते. जर्मनीचं आम्ही नंतर पाहू, म्हणाला. कागदाच्या डोक्यावर ठळक लिहिलं होतं: हक्कसोडपत्र. मजकूरही शेतीचाच होता, फक्त गट नंबरच्या जागी ड्रायव्हरचं नाव.

मुरलीभाऊनं त्याला जिन्यावरून ढकलून दिलं. काचेचं कपाट दुसऱ्यांदा फुटलं ते त्या झटापटीत.

चारपाच दिवसांनी दुपारी सफारीवाला दोन माणसं घेऊन परत आला. आल्या आल्या दार आतून लावून घेतलं. नसीमभाईंना एकानं भिंतीशी दाबून धरलं. दुसरा आणि सफारीवाला मुरलीभाऊवर पडले. तो लढला. एकाचा दात पाडला. पण त्याला त्यांनी कागद कापायच्या मशीनपाशी नेलं आणि त्याचा उजवा हात दाबाखाली घातला. कागदाचा गठ्ठा हलू नये म्हणून वरून चाक फिरवून एक जाड लोखंडी पट्टी दाबतात, ती. पातं नाही, फक्त दाब. सफारीवाला म्हणाला, सही करतो का? मुरलीभाऊ त्याच्या सफारीवर थुंकला. त्यांनी चाक फिरवलं. आम्ही रोज त्या चाकाचा आवाज ऐकायचो. त्या दिवशी त्याच्याबरोबर बोटांचा आला, एकामागून एक.

मग त्यांच्या लक्षात आलं की ज्या हातानं सही करायची तोच हात मोडून बसलो. सफारीवाल्यानं आपल्याच माणसाला शिवी घातली. शेवटी शाईचं पॅड आणून मुरलीभाऊचा डावा अंगठा धरून उठवला. मग नसीमभाईंकडे वळले. नसीमभाईंनी मशीनकडे पाहिलं आणि सही केली. मग माझ्याकडे. मुरलीभाऊ जमिनीवर पडला होता, पण शुद्धीवर होता आणि माझ्याकडे बघत होता.

मी सही केली. याही वेळी मी कागद वाचला नाही. आणि नंतर त्यानं पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा साक्ष द्यायला मी गेले नाही. माझी मुलगी शाळेत रस्त्यानं एकटी जायची, सफारीवाल्यानं तिचं नाव घेतलं होतं. हे कारण खरं आहे, आणि तरी ते मी कधी त्याला सांगायला गेले नाही. लाज वाटली.

बाकीच्यांच्या सह्या त्यांना सहज मिळाल्या. वलगावच्या अंजनाबाईचा अंगठा तेवढा राहिला. सफारीवाला आणि ती दोन माणसं तिथं गेली. पुढचं मला नसीमभाईंनी सांगितलं, आणि त्यांना वलगावच्या शेजाऱ्यांनी. ती अंगणात विळ्यानं कडबा तोडत बसली होती. पोराचा हात तिनं आदल्या आठवड्यात पाहिला होता, डाव्या अंगठ्याची शाईही पाहिली होती.

"काय पाह्यजे?" तिनं विचारलं.

"काही नाही आजी, एक अंगठा फक्त," असं म्हणत त्यातल्या एकानं तिचं डावं मनगट धरून पॅडवर नेलं.

"माया पोराचा नेला ना?" ती म्हणाली. "मंग आता तुया ठेव अठी." आणि उजव्या हातातला विळा चालवला. त्याचा अंगठा कातड्याला लोंबत राहिला. पॅड, कागद, कडबा सगळं लाल झालं. सफारीवाला पिशवी तिथंच टाकून अंगणातल्या बंडीवरून उडी मारून पळाला, आणि ती ज्या जागी बसली होती तिथंच पोलीस येईपर्यंत बसून राहिली. नसीमभाईंनी सांगताना कानाला हात लावला. मी मात्र, खोटं कशाला सांगू, ऐकून खूश झाले.

खटला भरला तो म्हातारीवर. काही महिने ती अमरावतीच्या तुरुंगात होती, मग जामीन झाला. पण सफारीवाल्याच्या पिशवीतले सगळे हक्कसोडीचे कागद पोलिसांनी पंचनाम्यात जप्त केले. रक्ताचे डाग पडलेला गठ्ठा कोर्टात जमा झाला तो झालाच. कागद कसे मिळवले हे उलटतपासणीत निघेल म्हणून कंपनीनं ते परत मागितले नाहीत, आणि हळूहळू केंद्रांवरून तो कुलूपबंद ड्रायव्हर निघाला. युर्गननं एका ओळीत कळवलं की तो सही करणार नाही. जर्मनीत माणसं पाठवून बोटं मोडणं कंपनीला जमण्यासारखं नव्हतं. मुरलीभाऊची फाइल उघडी होती तशीच उघडी राहिली.

मी प्रेस सोडली. नवऱ्याची बदली तिवशाला झाली, मीही तिथं टंकलेखनाचं काम धरलं. मुरलीभाऊ पुन्हा भेटला तो दोनतीन वर्षांनी, अमरावतीच्या कोर्टात. मी एका प्रतिज्ञापत्रासाठी गेले होते. आवारातल्या निंबाखाली टायपिंगवाले बसतात, त्यातल्या एकाच्या टेबलाशी तो उकिडवा बसून प्रिंटर उघडत होता. डाव्या हातानं. उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. शेजारच्या बाकावर अंजनाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिची तारीख होती.

"ये बाई," तो म्हणाला, जसं कालच भेटलो. "याचं डोकं तापून राहिलं. मायनं पाच मिनिटांत सांगतलं."

अंजनाबाईनं माझ्याकडे पाहिलं, कुंकू पाहिलं, विचारलं, "लेकरू बरं आहे?" मी हो म्हटलं. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, कोण जाणे.

प्रिंटर सुरू झाला. त्यानं चाचणीचं पान छापलं. जाताना छापत, येताना रिकामं. चाचणीच्या पानावर तो सगळी नावं छापायचा, ही त्याची जुनी रीत. पान फाडून त्यानं माझ्या हातात दिलं. युर्गन, मुरलीधर, नसीमभाई, चहावाला, तलाठी. सगळी होती.

"माझं काढा," मी म्हटलं. "मी सही करून दिली होती. तुमच्यासमोर."

त्याचा उजवा हात वर गेला. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी गेला नव्हता. मी मागे सरले नाही. त्या थपडेची वाट खरं तर मी सही केली त्या दुपारपासूनच पाहत होते. न वळणारी बोटं माझ्या चेहऱ्यासमोर थांबली, आणि त्याच वेळी आतून शिपायानं पुकारा केला, अंजनाबाई गावंडे हाजिर हो.

"लिवलेलं काढत नाही," तो म्हणाला. हात खाली घेतला, डाव्या हातानं आईची पिशवी उचलली, आणि तिला धरून पायऱ्या चढायला लागला. तिचा तोल एकदा गेला, त्यानं सावरला. मग दोघं दाराआड गेले. त्यानंतर तो मला दिसला नाही.

पान माझ्या हातात राहिलं. चौदाव्या ओळीवर मी होते, शेवटची ओळ कापते हे दाखवणारी. माझ्या खाली पंधराव्या ओळीवर, मी त्याला दोन दिवस आधी सांगितलं होतं एवढ्याच कारणासाठी, अंजनाबाईचं नाव होतं.